ट्रकचं इंजिन बांधायचं की बदलायचं: खर्चाला हो म्हणण्याआधी काय मोजायचं

गाडी घाटात दम टाकते, मागे निळा धूर सोडते, केबिनमध्ये ऑईलचा कॅन कायमचा मुक्कामाला येतो. मग निदान ठरलेलंच असतं: "इंजिनचं काम निघालंय." त्या दिवशी खर्चाला हो म्हणू नका. बांधायचं (उघडून, झिजलेलं दुरुस्त करून तेच वापरायचं) की बदलायचं हे दोनच गोष्टी ठरवतात. ब्लॉक आणि क्रँकमध्ये किती मटेरियल शिल्लक आहे, ही पहिली. ती गाडी तुम्ही अजून किती किलोमीटर चालवणार आहात, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मायक्रोमीटर देतो, दुसरीचं तुम्हीच देऊ शकता. धुरावरून दोन्ही कळत नाहीत.

इथले आकडे कमिन्स ६बीटी ५.९ या इंजिनचे आहेत. टाटाच्या १६१३ पासून २५१८ पर्यंत अनेक गाड्यांत हे इंजिन बसलं आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या अजून पोटापाण्याला लागलेल्या आहेत. सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२० मिमी. लायनर, म्हणजे बदलता येणारी सिलिंडरची नळी, नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये फिरतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा निर्णय तिच्याभोवती फिरतो. वेट लायनरच्या इंजिनात किट आणलं की बोअर पुन्हा कोरा होतो. इथे प्रत्येक बोरिंगला ब्लॉकचंच आयुष्य कमी होतं.

इंजिन न उघडता

आधी खोटे आजार बाजूला काढा. ऑईल खातंय म्हणजे रिंगा गेल्या, असं नसतं. टर्बोच्या कॉम्प्रेसर बाजूचा पाईप काढून आत बोट फिरवा. ऑईल साचलेलं दिसलं आणि शाफ्ट हाताने हलवल्यावर चाक हाउसिंगला घासत असेल, तर निळा धूर टर्बोचा आहे. एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर ऑईल भसाभस येत असेल तर हवेचा कॉम्प्रेसर ऑईल फेकतोय.

हाच कॉम्प्रेसर आणखी एक फसवाफसवी करतो. त्याच्या रिंगा गेल्या की टाकीकडे जायची हवा क्रँककेसमध्ये उतरते आणि ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फुसफुस सुरू होते. लगेच निकाल लागतो की इंजिन बॅक मारतंय, म्हणजे रिंगांतून हवा खाली उतरतेय. खात्री करायची तर गाडी आयडलवर ठेवून टाकीची हवा काढून टाका, म्हणजे कॉम्प्रेसर जोरात भरायला लागेल. ब्रीदरकडे बघत राहा. टाकी भरून गव्हर्नरने कॉम्प्रेसर सोडला, "फुस्स" आवाज आला, की त्या क्षणी ब्रीदरची हवा पडते का? पडली तर आधी कॉम्प्रेसर दुरुस्त करा. सहा पिस्टनचा खर्च कदाचित एका छोट्या पिस्टनवर भागेल.

ऑईल भरायच्या तोंडावर टोपी उलटी ठेवून ती उडते का बघायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. तिच्यावरून अंदाज येतो, त्यापलीकडे काही नाही.

ऑईल किती खातंय हे सांगोवांगी चालत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबा, काडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. हजार किलोमीटर चालवून त्याच जागी पुन्हा मापाने भरा. लोड गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल लागतं. ऑईल त्याच्या एक टक्क्याच्या वर, म्हणजे अडीच लिटरच्या पुढे गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर आतली झीज गंभीर आहे.

ऑईल प्रेशर डॅशबोर्डच्या काट्यावर मोजू नका. सेंडिंग युनिट काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा, इंजिन चांगलं गरम होऊ द्या. आयडलला किमान १० पीएसआय आणि पूर्ण आरपीएमला किमान ३० पीएसआय हवं. त्याखाली असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप तपासून मग बेअरिंगकडे वळा. प्रेशर कमी आणि खालून ठोका येतोय, अशी जोडी असेल तर गाडी त्याच जागी बंद करा. आणखी पन्नास किलोमीटर ओढली तर ग्राइंडिंगने भागणारा क्रँक भंगारात जातो, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग "बांधायचं की बदलायचं" हा प्रश्नच उरत नाही.

रेडिएटरमध्ये ऑईलची साय दिसली की हेड गॅसकेटवर खापर फुटतं. या इंजिनात ऑईल कूलर फिल्टर हेडच्या मागे ब्लॉकमध्येच बसतो. ऑईलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून कूलर फुटला की चालत्या इंजिनात ऑईल पाण्यात जातं. आधी तो काढून हवेने तपासा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील आणि पाणी बाहेर फेकलं जात असेल, तर मात्र गॅसकेट किंवा हेडची चीर हा संशय रास्त आहे.

शेवटी कॉम्प्रेशन. नोझल काढून गेज लावा, सहाही सिलिंडर एकाच बॅटरी-ताकदीवर फिरवा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. पाच सारखे आणि एक बराच खाली असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे. सहाही एकसारखे उतरलेले असतील तर इंजिन सरळ चालून झिजलंय. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये ऑईल ओतून पुन्हा मोजायची पेट्रोलवाली युक्ती डिझेलला लावू नका. जागा इतकी कमी असते की ऑईलनेच आकडा वाढतो. त्याऐवजी तो पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, फ्लायव्हील अडकवून ठेवा आणि नोझलच्या भोकातून हवा सोडा. हवा ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंग किंवा पिस्टन, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डकडून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा चीर. फ्लायव्हील अडकवायला विसरलात तर हवेच्या जोराने क्रँक फिरतो आणि टूलसकट हात आत जातो.

दोष व्हॉल्व्हचा निघाला, बोअर बरे असले, तर हेडचं काम करून गाडी रस्त्यावर आणा.

उघडल्यावर

कामाचा ठेका एकदम देऊ नका. इंजिन उतरवणं, उघडणं, धुणं आणि मोजणं एवढ्याच मजुरीचा आधी सौदा करा. मोजमापं कागदावर मागा. जो कागद द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडे बोअर गेज नाही असं समजा. सुट्या भागांपेक्षा चांगलं मशीन शॉप मिळणं अवघड असतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग एका गल्लीत होतं. तुमच्या तालुक्याला ते नसेल तर ब्लॉक पाठवायचं भाडं अंदाजपत्रकात धरा.

पिस्टन बाहेर आले की पहिल्यांदा त्यांचं डोकं पुसून बघा. ०.५० किंवा १.०० असा शिक्का असेल तर ब्लॉक आधीच बोअर झालाय. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना इथेच धक्का बसतो.

बोअर तीन उंचींवर मोजायचा: वरची रिंग जिथे वळते तिथे, मध्ये आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोनदा, एकदा क्रँकच्या दिशेने आणि एकदा आडवा. झीज सगळ्यात जास्त वर आणि आडवी होते, कारण पिस्टन तिथे बाजूला रेटला जातो. नवीन बोअर १०२.०० ते १०२.०४ मिमी असतो. १०२.११६ ही शेवटची मर्यादा. अंडाकार फरक ०.०३८ च्या वर नको, टेपर (वरच्या आणि खालच्या मापातला फरक) ०.०७६ च्या वर नको. समजा वरच्या बाजूला आडवं माप १०२.०९ आलं आणि उभं १०२.०५. कमाल मर्यादेत आहे म्हणून सोडून द्यावंसं वाटेल, पण फरक ०.०४ झाला, बोअर नापास. यात नवीन रिंगा टाकल्या तरी त्या गोल, बोअर अंडाकार. दोन-चार महिन्यांत ऑईलचा कॅन पुन्हा केबिनमध्ये येतो. "हाफ इंजिन" (बोरिंग न करता नव्या रिंगा) करून फसलेल्यांतले बरेच जण इथेच फसलेले असतात.

नापास बोअर मोठा करून त्यात बसणाऱ्या पिस्टनचे ०.५० आणि मग १.०० मिमी असे दोन ओव्हरसाइझ मिळतात. त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये ठोकलेली नवी नळी. एकच बोअर खरडला असेल आणि बाकीचे पाच मर्यादेत असतील, तर त्या एकाला स्लीव्ह टाकून स्टँडर्ड माप परत आणता येतं, सहाही उधळायची गरज नसते. सहाही बोअर १.०० ला पोचलेले आणि पुन्हा नापास असतील, तर सहा स्लीव्ह, त्यांचं मशीनिंग आणि जुना थकलेला ब्लॉक हा हिशेब एक्स्चेंज इंजिनच्या (जुनं देऊन घेतलेल्या रिकंडिशन इंजिनच्या) जवळ जातो. तिथे बदलणं बरं.

बोरिंगआधी पिस्टन हातात असू द्या. पिस्टन मोजून त्याला बोअर करायचा, कॅटलॉगवरून नाही. होनिंगच्या (बोअरला दगडाने घासायच्या कामाच्या) जाळीदार रेघा आडव्याशी १५ ते २५ अंशांत हव्यात. उभ्या पडल्या तर ऑईल वर चढतं. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. डिझेलने धुतलं की दगडाची पूड रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच आठवड्यात घासून टाकते. पावती सगळी बरोबर, पार्ट सगळे कंपनीचे, तरी इंजिन धूर मारतं, त्यामागे बहुतेकदा ही धुलाई असते. मग लगेच ऑईलचा हात फिरवा, नाहीतर पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने फट मोजा. वरची ०.४० ते ०.७०, दुसरी आणि ऑईल रिंग ०.२५ ते ०.५५ मिमी. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

क्रँकचे रॉड जर्नल (बेअरिंग बसतं ते गोल भाग) ६९ मिमी आणि मेन ८३ मिमीचे. ग्राइंडिंगला ०.२५ च्या पायऱ्यांनी १.०० पर्यंत जाता येतं. ग्राइंडिंगआधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करा, नंतर नाही. चीर निघाली तर ग्राइंडिंगचे पैसे वाचतात. आणि जर्नलच्या कडेची गोलाई, फिलेट, जशी होती तशीच ठेवायला सांगा. घाईत ती सपाट काढली की क्रँक नेमका तिथूनच तुटतो, तेही लोडमध्ये.

मेन बेअरिंग फिरलं असेल, म्हणजे त्याचा शेल (अर्धगोल पत्रा) जागेवर न राहता ब्लॉकमध्येच घासला असेल, तर सॅडल, म्हणजे ब्लॉकमधली बेअरिंगची बैठक, बघा. लाइन बोरिंगने वाचू शकतं, पण ते नीट करणारे थोडे. सॅडल निळा पडलाय, कॅप तडकलीय किंवा रॉडने ब्लॉकला भगदाड पाडलंय, तर बदला. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकला वेल्डिंग होतं, विकणारे हमीही देतात. पाण्याच्या बाहेरच्या भिंतीला ते चालून जाईल. मेन बेअरिंगजवळ किंवा बोअरमध्ये चालत नाही.

हेड एकसंध आहे, म्हणून वाकलं तर सगळंच वाकतं. प्रेशर टेस्टशिवाय फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) करू नका. चीर साधारणतः दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये किंवा नोझलच्या भोकाकडे धावते. फेसिंगनंतर व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून ०.९९ ते १.५२ मिमी आत बसले पाहिजेत. कमी आत राहिले तर पिस्टनला लागण्याची भीती, जास्त गेले तर कॉम्प्रेशन घटतं. कनेक्टिंग रॉडची वाक आणि पीळ मोजून घ्या, रॉड बोल्ट नवे टाका.

या इंजिनाची एक खास खोड. टायमिंग केसच्या मागे एक छोटी डॉवेल पिन आहे. जुन्या इंजिनांत ती थरथरीने हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडते. मग केस फुटते, टायमिंग जातं. केस उघडीच आहे तर शेजारच्या बोल्टखाली पिन झाकणारी पट्टी लावायला दहा मिनिटं लागतात. काम सांगताना हे नावानिशी सांगा, आपणहून कोणी करत नाही.

हिशेब

पुढचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी आहेत, तुमच्या अंदाजपत्रकातले त्या जागी घाला.

समजा पूर्ण बांधणी डिझेल पंप आणि नोझलसकट २,१०,००० रुपये, गाडी १८ दिवस उभी. डिझेल, टोल, ड्रायव्हर वजा जाता गाडी दिवसाला ३,५०० सोडते, म्हणजे ६३,००० बुडाले. एकूण २,७३,०००. एक्स्चेंज इंजिन ३,४०,०००, पाच दिवसांत बसलं, १७,५०० बुडाले. एकूण ३,५७,५००. बांधलेलं अडीच लाख किलोमीटर आणि एक्स्चेंज चार लाख किलोमीटर चालेल असं धरलं, तर किलोमीटरला अनुक्रमे १.०९ आणि ०.८९ रुपये पडतात. एक्स्चेंज जिंकलं.

आता गाडी तीनच वर्षं ठेवायची आहे, वर्षाला ६०,००० किलोमीटर, असं धरा. एकूण १,८०,००० किलोमीटर. बांधणी १.५२ ला, एक्स्चेंज १.९९ ला. निकाल उलटला, आणि इंजिनमधला एक नटही बदललेला नाही.

हाफ इंजिन ७०,००० मध्ये, सहा दिवस उभी, म्हणजे ९१,०००. अंडाकार बोअरवर ते ६०,००० किलोमीटर चाललं तर किलोमीटरला पुन्हा १.५२. स्वस्त काहीच पडलं नाही, वर गाडी दुसऱ्यांदा उतरवायची ती वेगळीच. बोअर मापात पास असतील तेव्हाच हा पर्याय खरा.

गाडी किती वर्षं ठेवायची हे चेसिस, केबिनचा गंज, हप्ते आणि कागदही ठरवतात. व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी लागतं, गाडी जुनी होत जाते तसं त्याचं शुल्क चांगलंच चढतं. नाशिकचा कांदा किंवा द्राक्षं घेऊन दिल्लीला जाणारी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या, बीएस-४ (भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचा टप्पा) च्या खालच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश नाही. बीएस-३ गाडीत कितीही चांगलं इंजिन टाकलं तरी ती लाइन परत येत नाही. अशी गाडी जवळच्या भाड्याला किंवा ऊस-वाळूला चालणार असेल तर कमी खर्चात बांधा.

बदलायचं ठरलं तर

कंपनीचं रिकंडिशन इंजिन एक्स्चेंजवर मिळतं, टाटा मोटर्सची प्रोलाइफ ही अशीच योजना. किंमत विचारताना जुन्या इंजिनची अटही विचारा. ब्लॉक फुटलेला किंवा क्रँक तुटलेला असेल तर परतीची रक्कम कापतात, आणि नेमकी तीच माणसं एक्स्चेंजला आलेली असतात. पंप, टर्बो, स्टार्टर, अल्टरनेटर यातलं काय आत आणि काय बाहेर, हे बिलाआधी लिहून घ्या.

कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातलं वापरलेलं इंजिन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोक्याचं. ते चालू करून, गरम करून, वर सांगितलेलं प्रेशर आणि ब्रीदर बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. इंजिन नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर हात लावू नका, कितीही स्वस्त असो. कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद आणि जीएसटी बिल नसेल तर आरटीओत अडकाल. बीएस टप्पा तुमच्या गाडीचाच हवा.

इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमती आधी, आणि विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी. नाहीतर अपघातानंतर क्लेम तिथेच अडतो.

दोन्हीकडे लागणारी कामं

जुनं इंजिन कशाने गेलं हे सापडलं नाही तर नवंही त्याच वाटेने जाईल. सगळे बोअर वरच्या बाजूला सारखे झिजले असतील तर धूळ आत गेलीय. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज काढून वाकवून बघा, तडा घडीच्या आत लपलेला असतो. एकाच पिस्टनचं डोकं वितळलं असेल तर त्या सिलिंडरचं नोझल टेस्ट बेंचवर लावा. खरडलेले पिस्टन म्हणजे रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट किंवा ऑईल न देणारं पिस्टन कूलिंग जेट. रेडिएटर उघडून साफ करा, पंप कॅलिब्रेट करा. इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेट, मागचं ऑईल सील आणि माउंटिंग बघून घ्या. जुने पार्ट परत मागा, बिलात पार्ट नंबर लिहून घ्या.

बसवल्यावर टर्बोच्या ऑईल लाइनमध्ये स्वच्छ ऑईल ओता, डिझेल बंद ठेवून गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, मगच चालू करा. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. तासभर आयडलवर ठेवून "रवाळ" करायची पद्धत सोडा. लोड नसलेल्या इंजिनात रिंगा बोअरवर बसत नाहीत, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑईल वर चढत राहतं. गरम झालं की रस्त्यावर काढा, पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या लोडवर, वेग बदलता ठेवून, घाटात खालच्या गिअरला. पहिलं ऑईल आणि फिल्टर हजार-दीड हजार किलोमीटरला बदला. तो फिल्टर कापून कागद उलगडा. थोडी बारीक चमक असतेच, पण बेअरिंगची पिवळी किंवा राखाडी पापडी दिसली तर गाडी लोडला न पाठवता त्याच दिवशी इंजिनखालचा ऑईल संप (ऑईलची टाकी) उघडायला लावा.